बॅटरी उतरली नि गाडी सिग्नलला बंद पडू लागली

या महिन्यात आलेल्या पत्रांतली निम्म्याहून जास्त एकाच तक्रारीची आहेत. बॅटरी उतरली, ती चार्ज केली किंवा नवी बसवली, गाडी सुरूही झाली. पण ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन बंद. म्हणून या वेळी इतर विषय बाजूला ठेवून ही पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न (कोल्हापूर) : माझी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक ६८ हजार किलोमीटर चालली आहे. थ्रॉटलला (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या झडपेला) केबल नाही, मोटर आहे. गाडी तीन आठवडे उभी होती, बॅटरी पूर्ण उतरली. ३५ अँपिअर-अवरची नवी बॅटरी बसवली. तेव्हापासून सेल्फ मारला की गाडी लगेच सुरू होते, पण आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) पाचशेच्या खाली घसरून बंद पडते. रेस देत राहिलं तर चालते, रस्त्यावर पळतेही छान. सिग्नलला थांबलं की संपलं. गॅरेजवाले थ्रॉटल बॉडी बदला म्हणतात, खर्च चौदा हजार. बॅटरीचा आणि थ्रॉटलचा काय संबंध?

उत्तर : संबंध आहे, आणि तो कळला की तुमचे चौदा हजार बहुधा वाचतील. थ्रॉटल बॉडी इतक्यात विकत घेऊ नका.

तुमच्या गाडीत पेडलवरचा सेन्सर ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) पायाचा दाब कळवतो आणि ईसीयू मोटर फिरवून थ्रॉटलची चकती उघडतो. पेडलवर पाय नसतानाही इंजिनाला थोडी हवा लागतेच. ती याच चकतीच्या कडेच्या बारीक फटीतून येते. क्रँककेसमधून (इंजिनाच्या तळाच्या भागातून) परत हवेच्या वाटेवर येणाऱ्या तेलाच्या वाफेमुळे चकतीच्या कडेला आणि नळीच्या आतल्या भिंतीला वर्षानुवर्षं काळं, चिकट कीटण धरतं. फट हळूहळू बुजत जाते. आरपीएम खाली जातोय असं दिसलं की ईसीयू चकती किंचित जास्त उघडतो आणि किती उघडावी लागली हे लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करतो. हे इतकं सावकाश चालतं की ६८ हजार किलोमीटरमध्ये तुम्हाला काहीच जाणवलं नाही.

बऱ्याच गाड्यांत ही नोंद अशा मेमरीत असते, जिला बॅटरीचा पुरवठा सतत लागतो. बॅटरी शून्यावर गेली की नोंद पुसली जाते. मग ईसीयू कारखान्यातून आलेल्या मूळ आकड्यावर येतो. तो आकडा स्वच्छ, कोऱ्या थ्रॉटलसाठी ठरवलेला असतो, तुमचा थ्रॉटल मात्र कीटणाने भरलेला आहे. तेवढ्याशा उघडीपीतून हवा पुरत नाही आणि इंजिन गुदमरतं. रेस दिली की चकती कीटणाच्या कड्याच्या पलीकडे उघडते, हवा मोकळी मिळते आणि गाडी पळते. म्हणजे बॅटरीने काही बिघडवलेलं नाही. ईसीयूने इतके दिवस झाकून ठेवलेली घाण आता उघडी पडली आहे.

उपाय तीन टप्प्यांत, आणि क्रम बदलायचा नाही : आधी विजेचा पुरवठा, मग सफाई, मग ईसीयूला पुन्हा शिकवणं. उतरलेल्या बॅटरीवर किंवा घाणेरड्या थ्रॉटलवर शिकवलेलं टिकत नाही.

पहिला टप्पा वीज. नवी बॅटरी दुकानात कित्येक महिने पडून असू शकते, त्यामुळे नवी म्हणजे भरलेली असं धरू नका. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी मल्टीमीटरने मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२.४ च्या खाली असेल तर चार्जरवर लावा. ३५ अँपिअर-अवरला साडेतीन अँपिअरच्या आसपास करंट योग्य. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये. इंजिन चालू असताना, गरज पडली तर रेस धरून, टर्मिनलवर १३.८ ते १४.५ दिसायला हवेत.

मग टर्मिनलची पकड. इथे नव्या बॅटरीने फसगत होते. काही बॅटऱ्यांचे खांब जाड असतात, काहींचे बारीक. जाड खांबाची जुनी क्लॅम्प बारीक खांबावर कितीही आवळली तरी पूर्ण बसत नाही, आणि मग दुकानदार मध्ये पत्र्याचा तुकडा किंवा खिळा ठोकून देतो. असा जोड गाडीच्या थरथरीत क्षणभर सुटतो आणि ईसीयूची नोंद पुन्हा पुसली जाते. क्लॅम्प हाताने हलवून पाहा. जराही फिरली तर योग्य मापाची क्लॅम्प किंवा त्यासाठी मिळणारी शिशाची टोपी घाला. निगेटिव्ह केबलचं दुसरं टोक बॉडीला आणि गिअरबॉक्सला जिथे आवळलेलं असतं तिथला गंज घासून काढा. सहायकाने सेल्फ मारताना मल्टीमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग खराब आहे.

दुसरा टप्पा सफाई. इंजिन थंड असू द्या, कारण काही थ्रॉटल बॉडींना कूलंटच्या नळ्या जोडलेल्या असतात. इग्निशन बंद केल्यावर किमान एक मिनिट थांबा आणि मगच निगेटिव्ह टर्मिनल काढा. किल्ली बंद केल्यानंतरही ईसीयूचा मेन रिले काही सेकंद चालू असतो, त्या वेळात तो नोंदी लिहून घेतो. एअर फिल्टरकडून येणारा रबरी पाइप सोडवा, थ्रॉटलचं कनेक्टर काढा आणि बोल्ट (बहुधा १० किंवा १२ नंबरचे) खोलून बॉडी हातात घ्या. गाडीवर असतानाच वरून स्प्रे मारण्याने चकतीच्या मागची बाजू साफ होत नाही आणि खरी घाण तिथेच असते.

थ्रॉटल बॉडी क्लीनर कापडावर किंवा मऊ ब्रशवर मारा आणि चकतीच्या दोन्ही बाजू, तिची कड आणि नळीत जिथे ती टेकते तो गोल पट्टा पुसून काढा. क्लीनरचा फवारा चकतीच्या दांड्यात किंवा मोटरच्या बाजूला सोडू नका. आतलं ग्रीस धुऊन जातं आणि सेन्सर बिघडतो. पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश अजिबात वापरू नका. काही चकत्यांवर कारखान्यातून लेप दिलेला असतो, तो खरवडला की फट कायमची बदलते. चकती उघडावी लागली तर कनेक्टर काढलेल्या स्थितीत बोटाने सावकाश ढकला, स्क्रूड्रायव्हरने झटका देऊ नका. इग्निशन चालू असताना तर तिथे बोट घालूच नका, मोटर बोट चिरडू शकते. चकतीला थांबवणारा छोटा स्क्रू दिसेल. तो कारखान्यात बसवून रंगाची खूण केलेली असते, त्याला हात लावायचा नाही. गॅस्केट किंवा ओ-रिंग चपटी झाली असेल तर नवी घाला. दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या, मग जोडा.

तिसरा टप्पा शिकवणं. पद्धत कंपनीनुसार बदलते. स्कॅनर (ईसीयूला जोडायचं तपासणी यंत्र) मिळाला तर त्यातला थ्रॉटल लर्निंगचा किंवा आयडल (पाय काढल्यावरची इंजिनाची मंद चाल) लर्निंगचा पर्याय चालवून घ्यावा, तो सर्वांत खात्रीचा. स्कॅनर नसेल तर बऱ्याच गाड्यांना पुढची पद्धत चालते. एसी, दिवे, रेडिओ, पंखा सगळं बंद. किल्ली ऑनवर फिरवा, सेल्फ मारू नका, अर्धा मिनिट थांबा. थ्रॉटलची मोटर बारीक घुरघुरते. किल्ली बंद करून दहा-पंधरा सेकंद थांबा. मग पेडलला पाय न लावता गाडी सुरू करा. पहिल्यांदा बंद पडली तर पुन्हा सुरू करा. रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत तशीच चालू द्या. त्यानंतर एसी लावून पाच मिनिटं, मग हेडलाइट लावून दोन मिनिटं. शेवटी वीस-तीस किलोमीटर चालवा, त्यात सिग्नलचा शहरी रस्ता हवाच. मोकळ्या हायवेवर आयडल शिकायला वावच मिळत नाही.

होंडाच्या गाड्यांत क्रम थोडा वेगळा. सगळं बंद ठेवून, न्यूट्रलमध्ये ३००० आरपीएमवर रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत इंजिन धरायचं आणि मग पेडल सोडून पाच मिनिटं आयडलवर ठेवायचं. मध्ये पंखा लागला तर तो चालू असलेला वेळ या पाच मिनिटांत धरायचा नाही. निसानच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत पेडलनेच लर्निंग सुरू करता येतं. इंजिन गरम करून बंद करा, दहा सेकंद थांबा. किल्ली ऑन करून तीन सेकंद. पुढच्या पाच सेकंदांत पेडल पाच वेळा पूर्ण दाबून पूर्ण सोडा. सात सेकंद थांबा. मग पेडल पूर्ण दाबून धरा. सुमारे वीस सेकंदांनी चेक इंजिनचा दिवा लुकलुकणं थांबवून स्थिर होतो, त्यानंतर तीन सेकंदांच्या आत पेडल सोडा आणि गाडी सुरू करून वीस सेकंद चालू द्या. घड्याळ समोर ठेवूनच करा, एखादा सेकंद चुकला तरी पहिल्यापासून करावं लागतं.

एवढं करून आयडल साधारण ७०० ते ८५० वर स्थिर झाला तर काम झालं. तरीही बंद पडत असेल तर थ्रॉटल बॉडीवर बोट ठेवण्याआधी व्हॅक्यूमची गळती (थ्रॉटलच्या पुढे फटीतून आत शिरणारी हवा) शोधा. ब्रेक बूस्टरचा पाइप, क्रँककेस व्हेंटिलेशनचा पाइप, मॅनिफोल्डची (इंजिनाला हवा वाटून देणाऱ्या नळ्यांची) गॅस्केट ही नेहमीची ठिकाणं. बूस्टरचा पाइप पक्कडीने कापड गुंडाळून हलकेच चिमटा. आरपीएम सुधारला तर गळती त्या बाजूला आहे. सांध्यांवर साबणाचं पाणी फवारलं की गळतीच्या जागी इंजिनाचा आवाज क्षणभर बदलतो. यासाठी पेट्रोल किंवा कार्ब्युरेटर क्लीनर गरम इंजिनावर फवारणारे मेकॅनिक आहेत. ते आगीला आमंत्रण आहे, करू देऊ नका. टाकी भरल्यावर लगेच बंद पडण्याचं प्रमाण जास्त असेल तर पेट्रोलची वाफ ओढणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असण्याची शक्यता मोठी.

प्रश्न (नागपूर) : वाचून समजेल इतपत ज्ञान आहे. साधा ब्लूटूथ ओबीडी रीडर (ईसीयूतले आकडे मोबाइलवर दाखवणारं यंत्र) घेतला आहे. आयडलला बंद पडणाऱ्या गाडीत नेमके कोणते आकडे बघायचे?

उत्तर : आधी कोड, म्हणजे ईसीयूने नोंदवलेले दोषांचे क्रमांक. पी०५०६ म्हणजे आयडल अपेक्षेपेक्षा कमी, पी०५०७ म्हणजे जास्त, पी०५०५ म्हणजे आयडलच्या नियंत्रणातच दोष. पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी. बॅटरी उतरली तेव्हाचा हा जुना कोड असू शकतो, पुसून परत येतो का ते पाहा. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त. पी०३३५ किंवा पी०३४० दिसला तर क्रँक किंवा कॅम सेन्सरकडे वळा, तो दोष वेगळा आहे आणि बॅटरीशी त्याची गाठ केवळ योगायोगाने पडलेली असेल.

मग चालू आकडे. फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल ठरल्यापेक्षा किती टक्के कमी-जास्त सोडतोय तो आकडा) आयडलला आणि २५०० आरपीएमवर, दोन्ही ठिकाणी बघा. आयडलला अधिक २० टक्के आणि २५०० वर अधिक ३-४ टक्के असं दिसलं तर व्हॅक्यूम गळती जवळजवळ नक्की, कारण गळतीची हवा ठरावीक असते आणि इंजिन जास्त हवा ओढू लागलं की तिचा वाटा घटतो. दोन्ही ठिकाणी सारखाच जास्त असेल तर पेट्रोल कमी पडतंय : फिल्टर, पंप, इंजेक्टर. मेमरी पुसल्यानंतर ट्रिम शून्यापासून मोजायला लागतात, म्हणून हे वाचन पन्नासेक किलोमीटर चालवल्यावर घ्या.

मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) असलेल्या गाडीत आणखी एक सोपी तपासणी. किल्ली ऑन, इंजिन बंद असताना सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. मुंबई-रत्नागिरीला तो सुमारे १०० किलोपास्कल, नागपूरला ९७ च्या आसपास, पुण्याला ९५, महाबळेश्वरला ८६. नागपुरात उभ्या गाडीचा सेन्सर ८५ दाखवत असेल तर तो खोटं बोलतोय आणि ईसीयू त्या हिशोबाने पेट्रोल कमी सोडतोय. गरम इंजिन आयडलला असताना हाच आकडा साधारण ३० ते ३८ असावा; ४५-५० म्हणजे गळती किंवा व्हॉल्व्ह-टायमिंगचा प्रश्न.

प्रश्न (नांदेड) : माझी गाडी जुनी, केबलचा थ्रॉटल असलेली एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी). बॅटरी बदलल्यावर आयडल कधी ५०० तर कधी १८००. मेकॅनिकने थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फिरवून आयडल वाढवून दिला. ठीक आहे का?

उत्तर : ठीक नाही, तो स्क्रू आधी होता तिथे परत न्या. केबलच्या थ्रॉटलमध्ये आयडलची हवा चकतीला वळसा घालून एका वेगळ्या वाटेने जाते आणि त्या वाटेवर आयडल कंट्रोल व्हॉल्व्हची सुई मागे-पुढे होते. बहुतेक ठिकाणी ती स्टेपर मोटरने हलते. सुई कुठे आहे हे सांगणारा सेन्सर तिथे नसतो. ईसीयू फक्त किती पावलं टाकली ते मोजतो. इग्निशन बंद झाल्यावर तो सुई ठरलेल्या जागी नेऊन ठेवतो. बॅटरी अचानक गेली तर सुई मध्येच राहते आणि मोजणी चुकते. त्यामुळेच तुमचा आयडल कधी खूप वर, कधी खूप खाली.

व्हॉल्व्ह काढून सुईचं टोक आणि तिची बैठक क्लीनर लावलेल्या कापडाने पुसा. सुई हाताने ओढू-दाबू नका, आतले आटे जातात. बसवून झाल्यावर किल्ली ऑन करून दहा सेकंद, बंद करून पंधरा सेकंद, असं तीन-चार वेळा करा. मोजणी पुन्हा जुळते. स्टॉप स्क्रू फिरवल्याचा तोटा असा की थ्रॉटल पोझिशन सेन्सरला चकती कधीच पूर्ण बंद दिसत नाही. मग ईसीयूला गाडी आयडलला आहे हेच कळत नाही आणि तो आयडल सांभाळायचं सोडून देतो.

प्रश्न (ठाणे) : बॅटरी जंप करून सुरू केल्यापासून एसी लावला किंवा गाडी वळवताना स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की इंजिन बंद पडतं. एरवी आयडल बरा आहे. एका इलेक्ट्रिशियनने चालू गाडीचं टर्मिनल काढून पाहिलं, गाडी बंद पडली नाही, म्हणून अल्टरनेटर (इंजिन चालू असताना वीज तयार करणारं यंत्र) ठीक असल्याचं सांगितलं.

उत्तर : चालू गाडीचं टर्मिनल काढण्याची ही तपासणी कृपा करून पुन्हा कोणाला करू देऊ नका. बॅटरी ही अल्टरनेटरच्या विजेला धक्के झेलणाऱ्या गादीसारखी असते. ती अचानक सुटली की व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळतं आणि ईसीयू, एबीएसचं मॉड्यूल, म्युझिक सिस्टिम यांतलं काहीही जळू शकतं. शिवाय त्यातून सिद्ध काहीच होत नाही, कारण एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेलेला अल्टरनेटरही विनाभाराची गाडी चालवतो.

तुमची लक्षणं भार पडल्यावरची आहेत. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग जागेवर पूर्ण फिरवताना काही क्षण मोठा करंट ओढतं, एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावर थेट ओझं टाकतो. त्यामुळे मोजमाप भारासहित करा. एसी, हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर लावा आणि आयडलला टर्मिनलवर व्होल्टेज बघा. १३.२ च्या वर राहिलं पाहिजे. त्याखाली येऊन १२.५ कडे घसरत असेल आणि रेस दिली तरी चढत नसेल तर बेल्ट, रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग), डायोड असा शोध घ्या. मग मीटर एसी (इथे अर्थ उलटसुलट वाहणारी वीज, वातानुकूलन नव्हे) व्होल्टवर टाकून बॅटरीवरच मोजा. ०.१ च्या आसपास चालेल, ०.५ च्या वर गेलं तर डायोड गेला. जंप करताना लाल-काळी वायर क्षणभर जरी उलटी लागली असेल तर पहिला बळी डायोड किंवा मुख्य फ्यूज हाच असतो.

एक अपवाद लक्षात ठेवा. अलीकडच्या काही गाड्यांत ईसीयू इंधन वाचवण्यासाठी बॅटरी भरलेली असताना अल्टरनेटर मुद्दाम सैल सोडतो आणि व्होल्टेज १२.७ दिसू शकतं. हेडलाइट लावल्यावर ते १४ कडे चढलं तर अल्टरनेटर निरोगी आहे. अशा गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा छोटा सेन्सर असतो. जंपरची किंवा चार्जरची काळी वायर नेहमी त्याच्या पलीकडे, इंजिनाच्या किंवा बॉडीच्या धातूला लावायची, नाहीतर आत गेलेली वीज ईसीयूच्या हिशोबात येत नाही.

व्होल्टेज ठीक निघालं तर वरच्या कोल्हापूरच्या पत्रातला थ्रॉटलचा उपाय करा. एसीसाठी किती जास्त हवा लागते ही नोंदही पुसली गेलेली असते, म्हणूनच शिकवताना एसी लावून पाच मिनिटं गाडी चालू ठेवायची.

प्रश्न (नाशिक) : सीएनजी किट बसवलेली गाडी. बॅटरी बदलल्यावर पेट्रोलवर सुरू होते, सीएनजीवर पडली की आयडलला बंद.

उत्तर : शिकवणं आधी पूर्णपणे पेट्रोलवर करा, स्विच पेट्रोलवर ठेवून. सीएनजीचा वेगळा ईसीयू पेट्रोल इंजेक्टरच्या वेळेवरूनच गॅसचा हिशोब लावतो; पेट्रोलचा पाया डगमगता असेल तर वरचं सगळंच डगमगतं. रोज फक्त गॅसवर चालणाऱ्या गाडीत पेट्रोल महिनोन्‌महिने जुनं असतं आणि इंजेक्टर चिकटलेले असतात. टाकीत पाच-सात लिटर ताजं पेट्रोल घालून किमान तीस किलोमीटर पेट्रोलवरच चालवा. मग गॅसवर न्या.

तरीही बंद पडली तर लो-प्रेशर गॅस फिल्टर बदला, गॅस इंजेक्टरच्या रेलपासून मॅनिफोल्डपर्यंतच्या बारीक नळ्यांत चीर आहे का बघा आणि किटवाल्याकडून सॉफ्टवेअरवर ऑटो-कॅलिब्रेशन करून घ्या. स्पार्क प्लगही तपासा. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते, त्यामुळे झिजलेला प्लग पेट्रोलवर चालतो आणि गॅसवर दगा देतो. गॅसच्या दाबाच्या नळ्या, सिलिंडर आणि रिड्यूसर यांना मात्र घरी पाना लावू नका.

प्रश्न (रत्नागिरी) : बीएस-६ स्कूटर. पावसात आठ दिवस उभी होती. आता किकने कशीबशी सुरू होते, ॲक्सिलरेटर सोडला की बंद. जुनी स्कूटर तर बॅटरीशिवायही चालायची.

उत्तर : जुन्या कार्ब्युरेटरच्या स्कूटरमध्ये ठिणगी थेट मॅग्नेटोच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या) कॉइलमधून यायची आणि पेट्रोल आपोआप उतरायचं, म्हणून बॅटरी मेली तरी निभायचं. इंजेक्शनच्या स्कूटरमध्ये पेट्रोल पंप, इंजेक्टर आणि ईसीयू तिघांनाही वीज लागते. आयडलला मॅग्नेटोची वीज सर्वांत कमी असते. उतरलेली बॅटरी तीही गिळते, पंपाचा दाब पडतो आणि इंजिन बंद होतं. म्हणून स्कूटरच्या बाबतीत थ्रॉटलच्या आधी बॅटरीच बघा.

बॅटरी काढून चार्ज करा, पण गाडीच्या मोठ्या चार्जरने नाही. तीन ते पाच अँपिअर-अवरच्या बॅटरीला ०.३ ते ०.५ अँपिअर पुरे; मोठा चार्जर ती तापवून फुगवतो. चार्ज करून काही तास ठेवल्यावर १२.४ च्या खाली आली तर बदला. नवी घातल्यावर रेस देऊन व्होल्टेज १४ ते १४.८ च्या दरम्यान आहे ना बघा. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर खराब आहे आणि तो नवी बॅटरीही खाईल. कोकणच्या पावसात रेग्युलेटरच्या आणि अर्थिंगच्या कनेक्टरमध्ये हिरवा गंज धरतो, तो काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रश्न (सोलापूर) : डिझेल गाडीतही थ्रॉटल साफ करून शिकवावं लागतं का?

उत्तर : बहुधा नाही. डिझेलचा आयडल हवेवर नव्हे, इंधनाच्या मात्रेवर चालतो, आणि इंजेक्टरचे कोड कायमच्या मेमरीत असतात, बॅटरीबरोबर जात नाहीत. बॅटरी बदलल्यावर आयडलला बंद पडत असेल तर व्होल्टेज, ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणारी झडप) उघडा अडकणं आणि डिझेल फिल्टरमध्ये हवा किंवा पाणी, या तीन ठिकाणी बघा. फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून कपभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो.

प्रश्न (सातारा) : थ्रॉटल साफ केला, आता उलट आयडल १५०० वर चढून बसला आहे.

उत्तर : बहुधा तुम्ही बॅटरी न काढता साफ केलात. ईसीयूला अजून जुनी नोंद आठवते आणि कीटण गृहीत धरून तो चकती जास्तच उघडतो. कोल्हापूरच्या उत्तरातली शिकवण्याची पद्धत करा, खाली येईल. न आल्यास रबरी पाइप नीट बसला आहे का आणि जुनी गॅस्केट परत वापरली होती का, ते बघा.

प्रश्न (पुणे) : आम्ही दोघं सहा महिने अमेरिकेत मुलाकडे जाणार आहोत. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये राहील. शेजारी आठवड्यातून एकदा दहा मिनिटं सुरू करायला तयार आहेत. परत आल्यावर हे सगळं टाळता येईल का?

उत्तर : शेजाऱ्यांना तसदी देऊ नका. दहा मिनिटं आयडलला ठेवून सेल्फने खाल्लेली वीजही नीट भरून निघत नाही. इंजिन पुरेसं तापत नाही, तेलात आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि थ्रॉटलला कीटण वाढतं.

उभी गाडीही घड्याळ, अलार्म, ईसीयू यांच्यासाठी वीज घेतच असते. निरोगी गाडीत, सगळी मॉड्यूल झोपल्यावर, ती ५० मिलिअँपिअरच्या आत असते. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर, आणि ३५ ची बॅटरी दोन आठवड्यांत निम्मी. सहा महिन्यांत ती नुसती उतरणार नाही, प्लेटांवर सल्फेट धरून मरेल.

जाण्याआधी बॅटरी चार्जरने पूर्ण भरून घ्या. गाडी बंद करून, एक मिनिट थांबून निगेटिव्ह टर्मिनल काढा, कापडात गुंडाळून बाजूला बांधा. सुट्या बॅटरीचीही वीज आपोआप गळते, उन्हाळ्यात जास्त; म्हणून तीन महिन्यांनी कोणीतरी एकदा चार्जर लावला तर उत्तम. पार्किंगमध्ये प्लग असेल तर व्होल्टेज स्वतः सांभाळणारा मेंटेनर चार्जर लावून टर्मिनल जोडलेलंच ठेवता येईल, मग ईसीयूच्या नोंदीही शाबूत राहतात. गाडी सेंट्रल लॉकची असेल तर टर्मिनल काढण्याआधी किल्लीने दार हाताने उघडता येतं ना, याची खात्री करा, आणि बॉनेट उघडण्याची दोरी आत असते हे विसरू नका.

टर्मिनल काढून गेलात तर परत आल्यावर थ्रॉटलची नोंद पुसलेली असेल. म्हणून जाण्याआधीच्या सर्व्हिसिंगमध्येच थ्रॉटल साफ करून घ्या. स्वच्छ थ्रॉटलला मूळ आकडा पुरतो. टर्मिनल जोडून, अर्धा मिनिट किल्ली ऑनवर ठेवून, पंखा दोनदा लागेपर्यंत चालवलीत की आयडल जागेवर येईल. काचांची ऑटो-अप सोय बंद पडलेली दिसेल : काच पूर्ण वर नेऊन बटण चार-पाच सेकंद तसंच धरून ठेवा. ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला तर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि थोडं सरळ चालवा, बहुतेक गाड्यांत तो विझतो. पीयूसी मध्यंतरी संपलेलं असू शकतं. ते काढायला वीसेक किलोमीटर चालवल्यानंतरच जा, तोवर मिश्रणाच्या नोंदी पुन्हा जुळलेल्या नसतात.